अतिदक्षता विभागात औषधतज्ज्ञही घडवा

संपादक महोदय,

फार्म.डी. हा औषधनिर्माणशास्त्राचा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आपल्याकडे २००८ मध्ये आला. त्याच्या नियमांनुसार शेवटच्या वर्षी सहा महिने सामान्य वैद्यक विभागात आणि प्रत्येकी दोन महिने अन्य तीन विशेष विभागांत प्रशिक्षण घ्यायचे असते. त्यांत अतिदक्षता विभाग यायलाच हवा, असे मात्र नाही. वास्तविक औषधांची गुंतागुंत तिथेच सर्वाधिक असते. मूत्रपिंडाचे कार्य रोज बदलत असल्याने व्हँकोमायसिन किंवा कोलिस्टिन या प्रतिजैविकांची कालची मात्रा आज योग्य ठरेलच असे नसते. शरीरात सावकाश सुटणारी गोळी पोटात जाणाऱ्या नळीवाटे देण्यासाठी कुटली, की तिची सारी मात्रा एकदम भिनू शकते. आणि फेनिटॉइन हे फिट्सवरील औषध नळीतल्या आहाराबरोबर दिले, तर ते पुरेसे शोषले जात नाही.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषधतज्ज्ञ अतिदक्षता विभागातील राउंडमध्ये सहभागी झाल्यावर, औषधयोजनेतील चुकांमुळे होणारे टाळण्याजोगे अपाय सुमारे दोन-तृतीयांशांनी घटल्याचे आढळले. आपल्याकडे मात्र अनेक ठिकाणी प्रशिक्षणार्थी राउंडच्या मागे वही घेऊन उभा असतो, आणि त्याला कोणी काही विचारत नाही. (त्यालाही विचारायचा संकोच वाटतो, हे वेगळेच.)

भारतीय औषधनिर्माण परिषदेने किमान दोन महिन्यांचे अतिदक्षता प्रशिक्षण सक्तीचे करावे आणि ते अनुभवी क्लिनिकल फार्मासिस्टच्या (म्हणजे रुग्णालयात रुग्णांच्या औषधोपचारावर लक्ष ठेवणाऱ्या औषधतज्ज्ञाच्या) देखरेखीखाली व्हावे. असे मार्गदर्शक मिळण्यासाठी शासकीय रुग्णालयांत त्यांची नियमित पदे आधी निर्माण करावी लागतील.

– औषधनिर्माणशास्त्राचा एक अध्यापक, पुणे