मा. आयुक्त साहेब, खताच्या खोलीला कुलूप होतं म्हणून आमची सूट गेली?

मा. आयुक्त साहेब,
सप्रेम नमस्कार.

यंदाचं घरपट्टीचं बिल आलं आणि ओल्या कचऱ्याचं खत करतो म्हणून मिळणारी पाच टक्के सूट त्यातून गायब. वॉर्ड ऑफिसात विचारलं तर म्हणे तपासणीत प्रकल्प बंद आढळला. तुमचा माणूस भर दुपारी आला, खताच्या खोलीला कुलूप दिसलं, वॉचमनला एक शब्द न विचारता 'बंद' लिहून गेला. शेजारच्या सोसायटीच्या खताच्या खड्ड्यावर स्कूटर लावतात, त्यांची सूट मात्र चालू. कुलूप नव्हतं ना त्यांच्याकडे!

२०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमात रोज १०० किलोच्या वर कचरा करणारे 'मोठे' धरले होते, आमचा निम्माही होत नाही, तरी आम्ही तो आवारातच जिरवला. पर्यावरणाच्या प्रेमापोटी नाही हो. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी दोन डबे ठेवले म्हणून समोरच्यांनी ठेवले, मग वरच्यांना लाज वाटायला लागली, आणि जे तरीही ढिम्म होते ते सूट मिळते म्हटल्यावर हलले. माणसं अशीच हलतात. आणि मी पडले सेक्रेटरी, त्यामुळे अळ्या झाल्या की मला फोन, वास आला की ग्रुपवर माझा उद्धार, ओल्यात डायपर सापडलं की कोणाचं ते शोधायला मी, गुडघे धरून कल्चर (खताचं विरजण) आणि कोकोपीट (नारळाचा भुसा) आणायलाही मीच, घरच्यांची बोलणी खाते ती वेगळीच.

आता बी विंगवाले विचारतात, मॅडम, कशाला वेगळा करायचा? दोघांनी सोडलंय, त्यांचं बघून बाकीचे सोडतील. त्यात सुका कचरा आम्ही वेगळा देतो आणि घंटागाडीत तुमचीच माणसं सगळा एकत्र ओततात, गॅलरीतून अख्ख्या बिल्डिंगला दिसतं ते.

तुमचं सगळंच असं. २०१८ ला प्लास्टिकबंदी आली, पहिल्या वेळेला ५,००० दंड, तेव्हा भाजीवाला पिशवी द्यायला घाबरायचा, आता न मागता देतो. २०१९ ला सरकारची ३३ कोटी झाडं, आमच्या टेकडीवर त्यातले खड्डे आणि बोर्ड शिल्लक आहेत. नव्वद टक्के पैसा बोर्ड आणि सत्कारातच जात असणार, नसेल तर हिशोब दाखवा. स्वच्छ सर्वेक्षणाची टीम येणार म्हटलं की रातोरात दुभाजक रंगवता, म्हणजे दुसरं शहर पुढे जाईल ही धास्ती आणि बक्षिसाची हाव तुम्हालाही हलवतेच की! मग निःस्वार्थ निसर्गप्रेमाचे मेसेज फक्त आम्हालाच का?

फेरतपासणीचा अर्ज दिलाय, पोचही आहे माझ्याकडे. माणूस सकाळी आठला पाठवा, तेव्हा बाई कचरा चाळत असतात आणि दार उघडं असतं. येताना त्याला शेजारच्या स्कूटरही मोजायला सांगा.

आपली,
एक सेक्रेटरी (राजीनाम्याच्या तयारीत)