समुद्रतळाची पाहणी केवळ खोलीवरून नको

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मनसर-कांद्रीच्या खाणींमुळे मँगनीज नागपूरकरांच्या परिचयाचे आहे. तोच धातू हिंदी महासागराच्या तळावरील गोट्यांत असल्याने त्यांच्याविषयी वरचेवर छापून येते. पण त्या गाळात राहणाऱ्या जीवांबद्दल क्वचितच वाचायला मिळते. वर्गात प्राणिशास्त्र शिकवताना ‘जितके खोल, तितके जीव कमी’ असे मीही सांगत असे. ते अपुरे होते.

अरबी समुद्रात साधारण १५० ते १,२०० मीटर खोलीच्या पट्ट्यात प्राणवायू अत्यल्प असतो. पावसाळी वाऱ्यांमुळे खालचे पोषक पाणी वर येते, प्लवकांची (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची) भरभराट होते, आणि मेलेले प्लवक खाली जाताना कुजतात, त्यातच प्राणवायू खर्ची पडतो. म्हणून तिथल्या तळावर अन्न मुबलक असूनही मोठे प्राणी फारसे टिकत नाहीत. उरतात ते मुख्यतः बारीक वलयी कृमी, ज्यांतल्या काहींचे कल्ले शरीराच्या मानाने बरेच वाढलेले असतात. आपल्याकडे सांडपाण्याच्या नाल्यातला चिमूटभर गाळ बशीत घेतला, तर लालसर कृमी वळवळताना दिसतात. तो रंग हिमोग्लोबिनचा, आणि तीही तुटपुंज्या प्राणवायूवर तगण्याचीच सोय. या पट्ट्याच्या खालच्या कडेला प्राणवायू वाढू लागतो, अन्नही अजून पुरेसे असते, त्यामुळे खोली जास्त असूनही तिथे प्राण्यांची संख्या पुन्हा वाढते.

हे गोटे असतात त्या सुमारे पाच हजार मीटर खोलीवर अडचण अन्नाची. वरून पडणाऱ्या कणांचा अगदी थोडा अंश तिथवर पोहोचतो. दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढणारे ते गोटे हाच तिथल्या मऊ गाळात स्पंजांना चिकटायला मिळणारा टणक आधार असतो. गोटा उचलला की तो आधारही जातो. पेरूजवळच्या समुद्रात १९८९ मध्ये प्रयोगासाठी नांगरलेल्या तळावरचे चर २६ वर्षांनीही स्पष्ट दिसत होते.

मध्य हिंदी महासागरात या गोट्यांच्या शोधासाठी भारताकडे सुमारे ७५,००० चौरस किलोमीटरचे क्षेत्र आहे. एका ठिकाणच्या गाळावरून एवढ्या क्षेत्राचा अंदाज बांधू नये. प्राणवायू, अन्नाचा पुरवठा, गाळाचा पोत आणि गोट्यांची दाटी यांच्या नोंदी जीवांच्या मोजणीसोबत अनेक वर्षे, ठिकठिकाणी घेतल्या जाव्यात आणि उत्खननाचा निर्णय होण्यापूर्वी त्या मराठीतूनही लोकांसमोर ठेवाव्यात, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, नागपूर