बारा प्रश्नांचा कागद

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. माझी पाठ होती तशीच आहे आणि ह्यांचा रक्तदाब गोळ्यांनी ताब्यात आहे. खुशाली एवढी पुरे. हे पत्र चिमूविषयी आहे, आणि ते तुलाच लिहिते आहे, कारण सगळे ऐकून घेतल्यावर "आता बरी झाली ना, मग काळजी कसली?" असे न विचारणारी तू एकटीच आहेस.

परवा तिच्या चाचण्या झाल्या. एका पायावरची लांब उडी, लागोपाठच्या तीन उड्या, मांडीच्या पुढच्या स्नायूची यंत्रावर मोजलेली ताकद, या सगळ्यांत शस्त्रक्रिया झालेला डावा पाय उजव्याच्या ९० टक्क्यांच्या वर गेला. ज्या आकड्यासाठी सारे घर झटत होते तो आकडा अखेर आला. धाकट्याने टाळ्या वाजवल्या, ह्यांनी तिथल्या तिथे तुला कळवायला फोन काढला, आणि मीच त्यांना थांबवले. चिमूने नुकताच भरलेला एक कागद तिने स्वतःहून माझ्या हातात दिला होता. खेळाकडे परतण्याची मनाची तयारी किती झाली आहे हे पाहण्यासाठी त्यात बारा प्रश्न असतात. पुन्हा शस्त्रक्रिया आणि पुन्हा हे सारे उपचार करावे लागतील या विचाराने तुम्ही खेळण्यापासून मागे राहता का, अशा अर्थाचा एक प्रश्न त्यात होता, आणि त्यापुढे तिने अगदी टोकाला खूण केली होती.

रात्री मी विचारले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आई, मला दुखण्याची भीती वाटत नाही, ते मी सोसेन. पण पुन्हा तुटला तर तुम्हा सर्वांना हे पहिल्यापासून करावे लागेल, आणि ते मला तुमच्याकडून करून घ्यायचे नाही."

तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. तो क्षण तुला वेगळा सांगायला नको: बॅडमिंटन कोर्टचा डावीकडचा मागचा कोपरा, डोक्यावरून वळून मारलेला फटका, आणि मग एकट्या डाव्या पायावर उतरणे. कोणाचा धक्का नाही, की कोणाशी टक्कर नाही. आत एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा अस्थिबंध, तुटला होता. मांडीच्या मागच्या बाजूचा कंडरा काढून त्याच्या जागी बसवला, आणि मग ते लांबलचक काम सुरू झाले, ज्यात पहिले ध्येय धावणे वगैरे नसते, तर गुडघा पूर्ण सरळ करता येणे हे असते. ह्यांनी ऑफिसच्या वेळा बदलून घेतल्या. सासूबाई तिच्या उशाशी बसून व्यायामाची आवर्तने मोठ्याने मोजत आणि एखादे कमी पडले तर सोडत नसत. धाकटा कुबड्या घेऊन तिच्या पुढे-मागे पळे. मी सूज मोजून वहीत लिहीत असे. यांतले काहीही आम्ही उपकार म्हणून केले नाही, हे तुला ठाऊक आहे, पण अंथरुणावर पडून ती एकेक गोष्ट मनात टिपत होती आणि आमच्या नावे जमा करत होती, हे मला आता कळते आहे.

सगळ्यात अवघड काळ तर वेदना थांबल्यावर आला. बसवलेला कंडरा पहिल्या काही आठवड्यांत मजबूत होत जात नाही, उलट कमजोर होतो, कारण शरीर त्याला आतून नव्याने घडवत असते. आणि नेमके त्याच वेळी दुखणे कमी झाल्याने मुलीला वाटते की आता सगळे जमेल. त्या दिवसांत घरात जितके वाद झाले तितके आपल्या दोघींत सगळ्या जोडीच्या सामन्यांत मिळूनही झाले नसतील (आणि दोघींच्या मधून गेलेले ते शटल तुझेच होते, यावर मी आजही ठाम आहे). पुढे सहाव्या महिन्यात एका प्रशिक्षकांनी तिला स्पर्धेत उतरवा म्हणून आग्रह धरला, तेव्हा आम्ही सरळ नकार दिला. नॉर्वेमधील २०१६ सालच्या एका अभ्यासात असे आढळले होते की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके महिने पुढे ढकलावे, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटते. आम्ही थांबलो, आणि ते योग्यच झाले.

पण थांबण्याच्या त्या काळात आमचे सारे लक्ष गुडघ्यावर होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात म्हटले आहे की या शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परततात, पूर्वीच्या पातळीवर ६५ टक्के, आणि स्पर्धेत मात्र ५५ टक्केच. मी ते वाचले तेव्हा ताकद कमी पडत असेल, व्यायाम अर्धवट सुटत असेल, असेच मनात आले होते. आता वाटते, त्या न परतलेल्यांत चिमूसारखीही माणसे असतील, ज्यांचा पाय तयार होता पण घरच्यांना पुन्हा त्याच फेऱ्यात ओढायची ज्यांची तयारी नव्हती.

स्पेनची बॅडमिंटनपटू कॅरोलिना मारिन हिच्यावर चिमूचा किती जीव आहे ते तू जाणतेस. २०१९ च्या जानेवारीत मारिनचा उजवा गुडघा गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती परतून चायना ओपन जिंकली, ही कथा आम्हीच चिमूला धीर यावा म्हणून पुन्हा पुन्हा सांगत होतो. पण चिमूला पुढचेही सगळे पाठ आहे: २०२१ मध्ये डावा गुडघा आणि हुकलेले टोकियो, मग २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात आघाडीवर असताना पुन्हा उजवा. तो सामना चिमूने माझ्या शेजारी बसून पाहिला होता. मी मारिनकडे पाहत होते. चिमू कोणाकडे पाहत होती, हे विचारायचे तेव्हा मला सुचले नाही.

तू म्हणशील, तिला सांग की आमची काही हरकत नाही, पुन्हा तुटला तर पुन्हा करू. ते मी सांगून पाहिले. तिने मान हलवली आणि विषय बदलला, कारण ते वाक्य ऐकताना ऋण आणखी वाढते. "खेळली नाहीस तरी चालेल" म्हणावे, तर आपल्यावरचा विश्वास उडाला असे तिला वाटेल. म्हणून तुझ्याकडे आले आहे. तुझ्या गुडघ्यानंतर अण्णांनी जे केले ते मी जवळून पाहिले आहे, आणि त्या शेवटच्या मोसमात तू कोणासाठी उतरत होतीस हे तू मला एकदाच, गच्चीवर, सांगितले होतेस. मी त्यावर पुन्हा कधी काही विचारले नाही. आज विचारते: त्या वेळी अण्णांनी काय म्हटले असते, किंवा काय म्हटले नसते, तर तू फक्त तुझ्यासाठी कोर्टवर गेली असतीस, किंवा मोकळ्या मनाने घरी बसली असतीस?

सध्या मी एवढेच केले आहे की सूज लिहायची वही तिच्या हवाली केली, आणि सरावाला तिच्यासोबत कोणी जायचे नाही असे घरात ठरवले. सासूबाई रुसल्या आहेत. पहिल्या दिवशी ती एकटी गेली तेव्हा दारातून वळून तिने दोनदा पाहिले, आणि परत आल्यावर काय खेळली ते सांगितले नाही. हे चांगले लक्षण की वाईट, मला ठरवता येत नाही.

तुझ्या बढतीचे ताईकडून कळले, मनापासून आनंद झाला. वहिनींची तपासणी नीट पार पडली ना? मुलाच्या प्रवेशाचे काय झाले तेही कळव.

मला उत्तर लिहिलेस तर वाचेनच, पण त्याआधी चिमूला फोन कर. मी सांगितले असे म्हणू नकोस. गुडघ्याविषयी विचारायचे असेल तर तुझ्या गुडघ्याविषयी सांग, अण्णांचेही सांग, जेवढे सांगावेसे वाटेल तेवढे. पुढच्या आठवड्यात तिला स्पर्धेसाठी नाव द्यायचे की नाही हे ठरवायचे आहे, तेव्हा त्याआधी केलास तर बरे होईल.

तुझीच,
जोडीदारीण