अपस्माराच्या गोळ्यांचा पुरवठा अखंड हवा

औषधांवरील ऑनलाइन सवलतींविषयीचा आपला लेख वाचला. त्यातले पहिल्या ऑर्डरपुरते सवलतीचे कूपन सर्दी-खोकल्याच्या औषधाला ठीक. अपस्माराच्या, म्हणजे वारंवार आकडी (फिट) येण्याच्या आजाराच्या गोळ्या मात्र बहुतेकांना वर्षानुवर्षे, रोज ठरल्या वेळी घ्याव्या लागतात. पैशांअभावी त्या अचानक बंद पडल्या, तर आकडी आटोक्याबाहेर जाऊन जिवावर बेतू शकते. लेव्हेटिरॅसिटाम, सोडियम व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन ही औषधे २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. जनऔषधी केंद्रांत जेनेरिक औषधे ब्रँडेडपेक्षा साधारण ५० ते ८० टक्के स्वस्त मिळतात. गरिबाला खरा आधार तोच. पण तिथला साठा संपला की रुग्ण पुन्हा महागड्या ब्रँडकडे वळतो, आणि या आजारात डॉक्टरांना न विचारता गोळ्यांची कंपनी वारंवार बदलणेही धोक्याचे. या गोळ्या प्रत्येक तालुक्यातील केंद्रात बारमाही उपलब्ध ठेवणे शासनाने बंधनकारक करावे.

– एक वाचक, सातारा