घड्याळ चालू, नंबर बंद

महोदय,

गेल्या मंगळवारी वडिलांना घेऊन धंतोलीतल्या एका दवाखान्यात गेले होते. आमचं टोकन ५८, भिंतीवरच्या टीव्हीवर ४१. पाऊण तास झाला तरी ४१च. शेजारी काटोलहून पहिल्या एसटीने आलेल्या आजी, त्यांचं ४६. उठून विचारून या म्हटलं, तर म्हणाल्या, "घडी त चालून राहिली ना पोरी, मंग टीव्ही कसा बंद राहीन?" टीव्हीच्या पडद्यावर कोपऱ्यात दिसणारं घड्याळ सेकंदासेकंदाने पुढे सरकत होतं खरं. आत मात्र ५३वा पेशंट गेला होता. आजींचं नाव पुकारून झालं होतं (कूलरच्या घरघरीत ऐकू कुणाला येणार!). त्यांना सगळ्यांत शेवटी घेतलं आणि दुपारची गाडी हुकली.

टीव्हीवर दिसत होतं ते एक वेब पान. मी अशीच पानं लिहून पोट भरते, म्हणून आजींना उत्तर देणं लागते. घड्याळ त्या टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरचं स्वतःचं. नंबर सर्व्हरकडून, म्हणजे नेटवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरकडून येतो. असं पान साधारण दर दहा सेकंदांनी सर्व्हरला विचारतं, 'काही बदललं का?' बदललं नसेल तर सर्व्हर ३०४ हा कोड पाठवू शकतो, म्हणजे 'आहे तेच राहू दे'. नेट गेलं तर उत्तरच येत नाही. पडद्यावर मात्र दोन्ही वेळा ४१च. पाऊण तासात २७० वेळा विचारून झालं असेल. उत्तर येत नाही हे पानाला कळत होतं, फक्त ते आम्हाला सांगायचं कुणी लिहिलं नव्हतं. काउंटरवरच्या मुलाने राउटर बंद करून चालू केला आणि नंबर थेट ५३ झाला.

'वेबसॉकेट (पान आणि सर्व्हर यांच्यातली सतत उघडी जोडणी) लावा, सर्व्हर आपणहून कळवेल' असं माझेच सहकारी म्हणतील. त्याचं स्टँडर्ड २०११ सालीच ठरलं. पण नेट गेल्यावर तेही गप्पच बसतं, आणि काही मिनिटांनी बदलणाऱ्या नंबरला विचारत राहणं पुरे.

नंबरखाली 'शेवटचं उत्तर १०.४२ वाजता' एवढी ओळ हवी. मिनिटभर उत्तर नसेल तर नंबर पुसून 'काउंटरवर विचारा'. काम फार तर तासाभराचं. माझ्याही एका पानात ते नव्हतं, त्याच रात्री बसून घातलं.

दवाखानेवाल्यांनी अशा पानाचे पैसे चुकते करण्याआधी नेटची वायर काढावी आणि दोन मिनिटं पडद्याकडे बघत बसावं.

एक वेब प्रोग्रामर,
प्रतापनगर, नागपूर