अर्ज भरण्याआधीचा खर्च कोणाच्या वहीत? केंद्रीय विधी मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील निवडणूक खर्चाच्या तरतुदी

महोदय,

उमेदवाराची खर्चाची वही लिहिणे, ती खर्च निरीक्षकांपुढे मांडणे आणि निकालानंतर तिचा ताळा घालणे, हे काम करणाऱ्यांचे हे पत्र आहे.

खर्चाच्या मर्यादेची चर्चा निघाली की सगळे आकड्यावर बोलतात. मोठ्या राज्यांत विधानसभेची मर्यादा २८ लाख होती. ऑक्टोबर २०२० मध्ये ती ३० लाख ८० हजार झाली, जानेवारी २०२२ मध्ये ४० लाख. लोकसभेची ९५ लाखांवर गेली. सव्वा वर्षात दोनदा अधिसूचना काढून मर्यादेचा आकडा ठरवणारा नियम ९० बदलता आला. पण खर्च कोणत्या दिवसापासून मोजायचा आणि कोणाचा मोजायचा, हे तसेच राहिले. आमचे म्हणणे या दोन गोष्टींबद्दल आहे.

कलम ७७ प्रमाणे हिशेब अर्ज भरल्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत ठेवायचा असतो. महाराष्ट्राची २०२४ ची विधानसभा घ्या. १५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली, २२ ला अधिसूचना निघाली, २९ ला अर्जांची मुदत संपली, २३ नोव्हेंबरला निकाल लागला. शेवटच्या दिवशी अर्ज भरणाऱ्याची वही २६ दिवसांची. त्या वर्षी दहीहंडी ऑगस्टअखेरीस होती, गणपती ७ सप्टेंबरला बसले, घटस्थापना ३ ऑक्टोबरला झाली. इच्छुकांचा खरा हंगाम तोच. मंडळांच्या वर्गण्या, स्वागताच्या कमानी, हंडीची बक्षिसे, देवदर्शनाच्या बसगाड्या, पैठणीचे खेळ, आरोग्य शिबिरे, किराण्याच्या पिशव्या. यातले काहीच वहीत येत नाही, आणि ते न लिहिणारा उमेदवार कायदा मोडतही नाही. निवडणूक आयोगाने यातली एक फट बुजवली आहे : साहित्य आधी घेतले पण अर्जानंतर वापरले, तर त्याची किंमत धरली जाते. म्हणून सप्टेंबरात छापलेला फ्लेक्स नोव्हेंबरात लावला तर तो मोजला जातो. सप्टेंबरात वाटलेली साडी मात्र कुठेच येत नाही.

विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात हिशेब अधिसूचनेच्या तारखेपासून सुरू करावा असे सुचवले. ते करावेच, पण वरच्या तारखांवर लावून पाहिले तर त्याने आठवडाभरच पदरात पडतो. आमच्या मते विधानसभेची किंवा लोकसभेची मुदत संपण्याआधीचे सहा महिने मोजायला हवेत; मुदतपूर्व निवडणूक असेल तर घोषणेच्या दिवसापासून. अर्ज भरणाऱ्याने त्या काळातल्या खर्चाचे प्रतिज्ञापत्र अर्जासोबत द्यावे. असे मोजणे अशक्य नाही. ब्रिटनमध्ये २००० च्या कायद्याने सार्वत्रिक निवडणुकीआधीचे ३६५ दिवस पक्षांच्या खर्चासाठी मोजले जातात आणि त्या खर्चाला कमाल मर्यादाही आहे.

अर्ज भरल्यानंतरची यंत्रणा मात्र चांगली बांधलेली आहे, हे सांगायलाच हवे. उमेदवाराला निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते उघडावे लागते. संपूर्ण निवडणुकीत एका माणसाला किंवा दुकानाला १० हजारांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. वहीचे तीन भाग असतात : रोजच्या खर्चाची पांढरी पाने, रोखीची गुलाबी, बँकेची पिवळी. प्रचारकाळात ती निदान तीनदा निरीक्षकांना दाखवावी लागते. सभेला व्हिडिओ पथक येते. कॅमेरा सुरू झाला की पथकातला माणूस आधी आवाजात नोंदवतो : कोणाची सभा, पक्ष कोणता, तारीख, ठिकाण. मग व्यासपीठाची लांबी-रुंदी, खुर्च्या, बॅनर, कटआउट, गाड्या यांचे चित्रीकरण होते. हिशेब पथक ते पाहून जिल्ह्याच्या दरपत्रकाने किंमत लावते आणि शॅडो रजिस्टरला, म्हणजे स्वतःच्या समांतर वहीत, चढवते. बिलात ५०० खुर्च्या आणि चित्रीकरणात २,००० निघाल्या, तर २४ तासांत नोटीस येते आणि ४८ तासांत उत्तर द्यावे लागते.

ही यंत्रणा चुकते ती व्यासपीठावरच्या एका गोष्टीमुळे. स्टार प्रचारकाच्या, म्हणजे पक्षाने प्रचारासाठी नेमलेल्या मोठ्या नेत्याच्या, सभेत उमेदवार मंचावर बसला, किंवा बॅनरवर त्याचे नाव वा फोटो असला, तर प्रचारकाचा प्रवास सोडून बाकीचा खर्च त्याच्या वहीत पडतो. उमेदवार मंचावर नसला आणि नाव-फोटोही नसला, तर तीच सभा, त्याच मैदानावर, पक्षाचा सर्वसाधारण प्रचार ठरते. मग पडदा, खुर्च्या, जनरेटर, एलईडी भिंत, सगळे पक्षाच्या खात्यात जाते. आणि पक्षाच्या खर्चाला आपल्या कायद्यात मर्यादाच नाही.

ही वाट १९७४ ची आहे. त्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, उमेदवाराच्या संमतीने पक्षाने केलेला खर्चही त्याचाच धरायचा. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून कलम ७७ ला स्पष्टीकरण जोडले आणि पक्षाचा खर्च मोजणीतून वगळला. २००३ च्या दुरुस्तीने ती सवलत नेत्यांच्या प्रवासापुरती आणली : मान्यताप्राप्त पक्षाचे ४० नेते, इतर नोंदणीकृत पक्षाचे २०. सुधारणा खरी होती, पण पक्षाच्या एकूण खर्चाला लगाम लागला नाही. निवडणूक आयोगाने सुचवलेला एक मार्ग असा : उमेदवाराच्या मर्यादेचा निम्मा आकडा गुणिले पक्षाने उभे केलेले उमेदवार. महाराष्ट्रात सर्व २८८ जागा लढवणाऱ्या पक्षासाठी तो ५७ कोटी ६० लाख होतो. आकडा कमी वाटत असेल तर वाढवा, पण एक आकडा असू द्या.

आता तारखांचा घोळ पाहा. आमच्या दृष्टीने सर्वांत मोठे नुकसान यातच आहे. उमेदवाराला हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. निवडणूक याचिका कलम ८१ नुसार ४५ दिवसांत करावी लागते. पक्षाचे पूर्ण खर्चपत्रक विधानसभेनंतर ७५ दिवसांनी येते, लोकसभेनंतर ९० दिवसांनी. उमेदवारांना दिलेल्या ठोक रकमांचा भाग ३० दिवसांत मागितला जातो, बाकी काही नाही. २३ नोव्हेंबरच्या निकालाला हे लावून पाहा. २३ डिसेंबरला उमेदवाराचा हिशेब, ७ जानेवारीला न्यायालयाचे दार बंद, आणि पक्षाने त्या मतदारसंघात काय ओतले याचा कागद फेब्रुवारीत. कलम १२३(६) नुसार मर्यादेबाहेरचा खर्च हा भ्रष्ट आचार आहे आणि त्यावर निवडणूक रद्द होऊ शकते. पण तो सिद्ध करण्याचा पुरावा मुदत संपल्यावर हाती येतो. म्हणून पक्षाचा मतदारसंघनिहाय हिशेब ३० दिवसांत मागवा आणि खर्चाच्या मुद्द्यावरील याचिकेची मुदत ९० दिवस करा.

शिक्षेचेही तसेच. हिशेब न देणाऱ्याला किंवा खोटा देणाऱ्याला कलम १०अ खाली तीन वर्षे अपात्र करता येते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये अशोक चव्हाण प्रकरणात स्पष्ट केले की हिशेब खरा आहे का, हेही निवडणूक आयोग तपासू शकतो. पण सभागृहाची मुदत पाच वर्षांची आणि अपात्रता तीन वर्षांची असल्यावर पुढच्या निवडणुकीपर्यंत माणूस मोकळा होतो. विधी आयोगाने पाच वर्षे सुचवली आहेत, ती करावीत. उमेदवाराच्या परवानगीवाचून त्याच्यासाठी खर्च करणाऱ्या तिऱ्हाइताला भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली फार तर १० हजार रुपये दंड होतो. एका एलईडी रथाच्या मालकाला तो जड जाणार नाही.

मतदानाच्या आदल्या रात्रीच्या पाकिटांबद्दल थोडक्यात. ती लाच आहे, त्यासाठी वेगळी कलमे आहेत. पण पैसे वाटले म्हणून निवडणूक थांबवण्याची तरतूद कायद्यात नाही. कलम ५८अ बूथ बळकावण्यापुरते आहे. २०१७ मध्ये चेन्नईतील आर. के. नगरची पोटनिवडणूक आणि २०१९ मध्ये वेल्लोर लोकसभेची निवडणूक रद्द करताना घटनेने दिलेल्या सर्वसाधारण अधिकारांचा आधार घ्यावा लागला. ५८अ शेजारी एक कलम वाढवावे.

कोणी म्हणेल, पैशाने मते मिळतातच असे नाही. खरे आहे. दोन्हीकडचे पाकीट घेऊन मतदार मनातल्यालाच मत देतो, हे कार्यकर्त्यांनाही ठाऊक असते. पैसा निकाल ठरवतो तो त्याच्या कितीतरी आधी, ‘किती घालणार?’ हा प्रश्न तिकिटाच्या मुलाखतीत विचारला जातो तेव्हा. महाराष्ट्रात एका विधानसभा मतदारसंघात सरासरी ३ लाख ३५ हजारांवर मतदार आणि साडेतीनशेच्या आसपास मतदान केंद्रे येतात. ४० लाख म्हणजे मतदारामागे १२ रुपये. एका केंद्रावर चार पोरे, प्रत्येकी ५०० रुपये, एकच दिवस धरला तरी ७ लाख लागतात. सगळे खरे लिहिणाऱ्या उमेदवाराला ही मर्यादा काचते. ज्याचा खर्च सप्टेंबरात झाला आणि ज्याच्या सभा पक्षाच्या नावावर झाल्या, त्याची वही १५ लाखांतही सहज बसते. म्हणून ४० चे ५० लाख करायलाही आमची हरकत नाही. अट एकच, की सगळे त्यात धरले जावे.

यातल्या कशासाठीही घटनादुरुस्ती लागत नाही. कलम १०अ, ७७ आणि ८१ मध्ये बदल, पक्षांसाठी एक नवे कलम आणि ५८अ ला एक जोड, एवढे एका विधेयकात बसते. २०२९ च्या लोकसभेला ते लागू व्हायचे तर सहा महिन्यांची मोजणी २०२८ च्या हिवाळ्यात सुरू होईल आणि नमुने, दरपत्रके, प्रशिक्षण यांना त्याआधी वर्ष तरी लागेल. विधेयकाचा मसुदा हरकती व सूचनांसाठी त्या हिशेबाने खुला करावा, आणि तो मराठीसह सर्व भाषांत असावा, ही विनंती.

आपले,
निवडणूक खर्चाचे हिशेब लिहिणारे आणि तपासणारे काही नागरिक