आश्वासन फायलीत, ऊती फॉर्मलिनमध्ये: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

कोकणातल्या कर्करुग्णांच्या ऊती गोठवून ठेवण्याची सोय करू, असं आपण जाहीर सभेत सांगितलंत. मंजूर कामांच्या यादीत तिचं नावही नाही.

ही चैन नव्हे. प्रथिन बनवण्याचा जनुकाचा निरोप नेणारा पेशीतला रेणू म्हणजे संदेशवाहक आरएनए. त्यातल्या एका अक्षराच्या, म्हणजे अ‍ॅडेनिनच्या सहाव्या जागेवर मिथाइलचा छोटा रासायनिक गट खुणेसारखा बसतो. संदेश किती टिकणार, त्यातून किती प्रथिन बनणार, हे बरंचसं त्यावर ठरतं. मेटटीएल-३ आणि मेटटीएल-१४ ही प्रथिनांची जोडी खूण लावते, एफटीओ हे प्रथिन ती पुसतं. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात एफटीओ वाढतं आणि ते रोखलं की उंदरांमधल्या गाठी पीडी-१ विरोधी औषधाला (म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती गाठीवर सोडणाऱ्या औषधाला) जास्त दाद देतात, हे २०१९ साली प्रसिद्ध झालंय. लाखो रुपयांचं ते औषध कुणाला लागू पडेल, हे कळण्याची एक वाट इथून जाते.

मात्र मेलॅनोमाचं बहुतेक संशोधन उन्हानं होरपळलेल्या गोऱ्या कातडीवरचं. आपल्याकडे तो मुख्यतः तळपायावर, तळहातावर, नखाखाली होतो; तिथे उन्हाचा फारसा संबंध नाही. अनवाणी चिखलणी करणाऱ्याच्या टाचेवरचा काळा डाग भोवरी म्हणून राहून जातो. या गाठींचा आरएनए आम्ही तपासायचा नाही, तर कुणी?

गाठ काढली की आज ती सगळीच्या सगळी फॉर्मलिन या ऊती टिकवणाऱ्या रसायनात जाते. निदानाला फॉर्मलिन हवंच. पण ते आरएनएचे तुकडे पाडतं, आणि अ‍ॅडेनिनच्या ज्या अमिनो गटावर आम्ही मिथाइल शोधतो, नेमकं त्यालाच चिकटतं. आरएनए मोजण्याच्या नेहमीच्या पीसीआर चाचणीत तर आरएनएची डीएनए प्रत काढतानाच खूण नाहीशी होते.

उपाय अवघड नाही. पहिल्या लहान बायोप्सीला हात लावायचा नाही. रोगाची खोली त्यातच मोजतात. मोठी गाठ काढली, तरच पॅथॉलॉजिस्टनं दाखवलेला, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ तुकडा लगेच पाचपट आरएनए-रक्षक द्रावात टाकायचा. रात्रभर ४ अंशांवर, मग उणे २० किंवा उणे ८० वर. हा द्राव २५ अंशांना आठवडाभर साथ देतो, ३७ अंशांना जेमतेम एक दिवस. मे महिन्यात एसटीच्या पार्सलमधून मुंबईला नमुना पाठवणं म्हणजे तो फेकून देणं.

नुसता फ्रीझर देऊन भागणार नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीतली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. जनित्र हवं, डिझेलची तरतूद हवी, तापमानाची नोंद ठेवणारं यंत्र हवं आणि रात्री धोक्याची घंटा वाजली तर धावून येणारा तंत्रज्ञ हवा. इमारतीला पैसे मिळतात, कोनशिला बसते. तंत्रज्ञाचं पद मात्र वर्षानुवर्षं रिकामं आणि देखभालीचा करार संपलेला. वीज गेल्यावर दिवसेंदिवस उकाड्यात पडून राहिलेला नमुना पुन्हा गोठवून काही हाती लागत नाही. रुग्णानं विश्वासानं दिलेली ऊती अशी नासते, याची जबाबदारी कुठल्याच खात्यावर नाही, ही संतापाची गोष्ट आहे.

आम्हाला पुन्हा आश्वासन नको. पदासह, डिझेलसह, तारखेसह लेखी आदेश काढा.

आपला,
कोकणातला एक प्रयोगशाळा-कर्मचारी